छप्पर असलेलं मैदान कुणाचं?

(हुडकेश्वर, नागपूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



या व्याख्यानमालेत आपण शहरातल्या जागांचा विचार करतो आहोत. मागच्या वेळी बाजार घेतला होता. आज मैदान घेऊ, आणि त्यातही एक खास प्रकार: घुमटाखालचं मैदान. म्हणजे असं फुटबॉलचं स्टेडियम, जिथे खेळाडूनं मान वर केली तर त्याला आभाळ दिसत नाही, छत दिसतं.

तुम्ही म्हणाल, सर, आपल्या नागपुरात फुटबॉल उघड्यावर खेळतात, चिखलात खेळतात. इथे घुमटाचा काय संबंध? संबंध आहे. मैदानावर छप्पर घातलं की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, ते मैदान राहतं का? दुसरा, ते कुणाचं होतं? पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला शोभेल असा आहे, दुसरा महानगरपालिकेच्या सभेत विचारावा असा. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. कुठे, ते बोलता बोलता येईल.

घुमट उभा कसा राहतो

आधी घुमट म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे विजापूरचा गोल घुमट. महंमद आदिलशहाची कबर, १६५६ साली पूर्ण झालेली. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत तिथे जाऊन टाळी वाजवली असेल आणि तीच टाळी पुन्हा पुन्हा ऐकली असेल. त्या घुमटाचा व्यास बाहेरून सुमारे ४४ मीटर आहे. मधे एकही खांब नाही.

खांब नाही, मग वजन जातं कुठे? मडकं पालथं घाला आणि वरून दाबा. त्याचा काठ बाहेर फाकू पाहतो. घुमटाचं तसंच आहे. वरचं वजन खाली उतरतं आणि खाली येता येता बाहेरच्या दिशेला ढकलतं. जुन्या लोकांनी त्यावर उपाय म्हणून भिंती प्रचंड जाड केल्या. नव्या लोकांनी पायाशी पोलादी कडं घातलं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना? ती लाकडाला फाकू देत नाही. मोठ्या स्टेडियमच्या घुमटाखाली असंच एक कडं असतं. ते ताणलं जातं आणि घुमटाला धरून ठेवतं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात १९७५ साली सुरू झालेलं सुपरडोम नावाचं स्टेडियम आहे. त्याचा व्यास २०० मीटरच्या वर आहे. म्हणजे एका ओळीत चार गोल घुमट ठेवले तरी जागा उरेल.

आता यात एक गंमत बघा. खांब नाहीत म्हणून कुणाच्याही डोळ्यांसमोर आडवं काही येत नाही. सत्तर हजार माणसं एकाच वेळी एकच गोष्ट बघतात. ही समतेची कल्पना झाली. पण ज्या इमारतीपासून हा सगळा प्रकार सुरू झाला, ते ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, १९६५ सालचं, त्याच इमारतीत श्रीमंतांसाठी वेगळ्या खोल्या काढल्या गेल्या. वरच्या अंगाला, सोफे-बिफे असलेल्या. एका छपराखाली सगळे आले आणि लगेच माळे पडले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गवताची गोष्ट

ॲस्ट्रोडोमबद्दल अजून एक गोष्ट सांगतो. ह्यूस्टन हे उकाड्याचं, दमट, डासांचं गाव. तिथे बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल खेळायला घुमट बांधला. (अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. पण शहर आणि स्टेडियम यांच्या नात्याबद्दल बोलायचं तर हा फरक आड येत नाही.) आत नैसर्गिक गवत लावलं. गवताला ऊन पाहिजे म्हणून छतात साडेचार हजारांवर पारदर्शक तावदानं बसवली. हेतू चांगला होता.

झालं काय, की दुपारच्या खेळात त्या तावदानांतून येणाऱ्या चकाकीमुळे खेळाडूंना वरून येणारा चेंडूच दिसेना. झेल सुटायला लागले. मग तावदानं रंगवून टाकली. चेंडू दिसायला लागला, पण गवत मेलं. तो हंगाम त्यांनी मेलेल्या गवतावर हिरवा रंग मारून काढला. आणि १९६६ साली तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलं. आज जगभर ज्याला ॲस्ट्रोटर्फ म्हणतात, आपल्या हॉकीचं सगळं गणित ज्यानं बदललं, ते नाव या मैदानावरून आलं.

तर्कशास्त्राच्या तासाला मी विद्यार्थ्यांना सांगायचो की उपाय हा नेहमी एखाद्या प्रश्नाचा असतो, आणि उपायातून पुढचा प्रश्न जन्माला येतो. इथे ते डोळ्यांनी दिसतं. ऊन नको म्हणून छप्पर घातलं. छप्पर आहे म्हणून काच बसवली. काच चकाकते म्हणून रंग मारला. रंगामुळे गवत मेलं. गवत मेलं म्हणून जमीनच खोटी केली. प्रत्येक पायरी शहाणपणाची होती. शेवटी जे उरलं त्यात ऊन नाही, पाऊस नाही, वारा नाही, माती नाही. मग मैदान म्हणजे नेमकं काय उरलं? एक खूप मोठी खोली उरली.

आपल्या फुटबॉलनं मात्र खरं गवत सोडायला बराच काळ नकार दिला. १९९४ सालच्या विश्वचषकाचे काही सामने अमेरिकेत पॉन्टियॅक इथल्या सिल्व्हरडोममध्ये झाले. विश्वचषकाचा छपराखालचा तो पहिला अनुभव. तिथे मिशिगनच्या विद्यापीठातल्या लोकांनी षटकोनी पेट्यांमध्ये गवत बाहेर उन्हात वाढवलं आणि त्या पेट्या आत आणून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जोडल्या. जपानच्या साप्पोरो शहरानं तर अख्खं मैदानच हलवलं. २००२ च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या त्यांच्या घुमटात फुटबॉलचं मैदान हवेच्या दाबावर जरा उचललं जातं आणि सरकत बाहेर उन्हात जातं. सामना असला की परत आत येतं. आपण गुरं सकाळी चरायला सोडतो आणि संध्याकाळी गोठ्यात आणतो, तसंच हे.

घटाकाश आणि व्यवहार

वेदान्तात एक दृष्टान्त आहे, तुमच्यापैकी काहींनी कीर्तनात ऐकला असेल. मडक्यातली पोकळी म्हणजे घटाकाश. इमारतीतली पोकळी म्हणजे मठाकाश. आणि बाहेरचं अफाट ते महाकाश. मडकं फुटलं की घटाकाश महाकाशात मिसळतं. खरं तर मिसळतंही नाही, कारण ते कधी वेगळं नव्हतंच. भिंतीनं पोकळी कापली जात नाही.

तत्त्वतः मान्य. पण हा दृष्टान्त ज्या कामासाठी आहे, त्या कामापुरताच घ्यायचा. समाजाच्या व्यवहारात भिंत पोकळी कापते, आणि चांगली कापते. उघड्या मैदानाला चारी बाजूंनी वाटा असतात. त्याच जागेवर भिंती आणि छत आलं की मठ तयार होतो. मठाला दार असतं. दाराला कुलूप असतं. कुलपाची किल्ली कुणाकडे तरी असते. मघाशी मी म्हणालो की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. ते इथे आहे, दारापाशी. छप्पर घातल्यावर मैदान मैदान राहतं की नाही, हे छपरावरून ठरत नाही. दार कुणासाठी आणि कधी उघडतं, यावरून ठरतं.

हे नुसतं म्हणायला ठीक आहे. याची खरी परीक्षा कुठे झाली ते सांगतो.

न्यू ऑर्लिन्स, ऑगस्ट २००५

न्यू ऑर्लिन्स हे बरंचसं समुद्रसपाटीच्या खाली वसलेलं शहर. बांध घालून पाणी थोपवलेलं. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना नावाचं चक्रीवादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्यांच्याकडे गाडी होती, पैसा होता, ते आधीच बाहेर पडले होते. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना सांगितलं गेलं की सुपरडोममध्ये या. सरकारी भाषेत त्याला 'शेवटचा आसरा' म्हटलं होतं. आधीही, १९९८ आणि २००४ च्या वादळांत, लोक तिथे राहिले होते.

पहिल्या रात्री हजारो लोक आले. नंतर बोटींनी, हेलिकॉप्टरनी आणखी आणले गेले आणि संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. वादळानं छताचं वरचं आवरण सोलून काढलं, दोन ठिकाणी भोकं पडली, आत पाणी गळायला लागलं. वीज गेली. जनरेटरवर मिणमिणते दिवे उरले, वातानुकूलन बंद. पाण्याचा दाब गेला, संडास तुंबले. आणि हा घुमट, ज्याला एकही खिडकी नाही, ऑगस्टच्या उकाड्यात भट्टी झाला. लोक त्यात सुमारे पाच दिवस होते.

इथे इमारतीचा दोष काय होता? एका अर्थानं काहीच नाही. ती कोसळली नाही. तिनं माणसं वाचवली, हे कबूल केलं पाहिजे. पण खिडकी नसलेली इमारत विजेवर श्वास घेते. चार तासांच्या सामन्यासाठी काढलेले संडास चार दिवसांच्या वस्तीला पुरत नाहीत. स्टेडियममध्ये येणारा माणूस घरी जाणार आहे, हे गृहीत धरून ते बांधलेलं असतं. या लोकांना घर उरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. त्या दिवसांत बातम्या पसरल्या की आत खून चालू आहेत, अत्याचार चालू आहेत. जगभर छापून आलं. नंतर चौकशी झाली तेव्हा त्यातलं बहुतेक सगळं खोटं निघालं. सहा मृत्यू झाले होते, त्यातले बहुतेक आजारपणानं. आत होते ते मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय लोक, म्हातारी माणसं, लहान मुलं. त्याच लोकांनी तिकीट काढून, संघाचा रंग अंगावर घालून आरडाओरडा केला असता तर त्याला 'शहराचा उत्साह' म्हटलं असतं. तिकीट नसताना तीच गर्दी 'जमाव' झाली. छत तेच, माणसंही तशीच. आत कोणत्या नात्यानं आलात, एवढाच फरक.

मग बसगाड्या आल्या आणि हजारो लोकांना ह्यूस्टनला नेलं गेलं. कुठे ठेवलं माहीत आहे? ॲस्ट्रोडोममध्ये. एका घुमटातून दुसऱ्या घुमटात.

पुढचं ऐका. सुपरडोमची दुरुस्ती झाली आणि २५ सप्टेंबर २००६ ला, वादळानंतर साधारण तेरा महिन्यांनी, तिथे पुन्हा सामना झाला. घरच्या संघानं, सेंट्सनं, अटलांटाच्या संघाला २३-३ असं हरवलं. सुरुवातीलाच स्टीव्ह ग्लीसन नावाच्या खेळाडूनं प्रतिस्पर्ध्याची किक अडवली आणि त्यावर पहिले गुण मिळाले. त्या क्षणाचा पुतळा आज स्टेडियमच्या बाहेर उभा आहे. 'पुनर्जन्म' हे त्याचं नाव. शहरातले लोक आजही सांगतात की त्या रात्री आम्हाला वाटलं, आपण वाचलो. ही भावना खोटी नाही. शहराला भाकरी लागते, तसा एकत्र ओरडण्याचा एखादा क्षणही लागतो.

पण त्याच स्टेडियमपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर चॅरिटी हॉस्पिटल होतं, गरिबांचं सरकारी रुग्णालय. वादळानंतर ते बंद झालं आणि रुग्णालय म्हणून पुन्हा कधीच उघडलं नाही. त्याच्या जागी नवं रुग्णालय व्हायला दहा वर्षं गेली. आता सांगा, तेरा महिन्यांत स्टेडियम आणि दहा वर्षांत रुग्णालय. मी असं म्हणत नाही की स्टेडियम दुरुस्त करायला नको होतं. मी म्हणतो की शहर कोणती गोष्ट आधी दुरुस्त करतं, त्यावरून त्या शहराचं मन वाचता येतं.

वरळीचा डोम

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात 'डोम' म्हटलं की मुंबईतला माणूस वरळीच्या एनएससीआयचं नाव घेतो. सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम, १९५० च्या दशकातलं. फुटबॉलच्या मैदानाच्या मानानं लहान, काही हजार लोकांचं, पण छपराखालचं. जुन्या लोकांना तिथल्या दारासिंगच्या कुस्त्या आठवतात. नव्या पिढीला कबड्डी: २०१४ साली प्रो कबड्डीचा पहिला हंगाम तिथेच सुरू झाला. ज्या खेळाला आपण गल्लीतला, मातीतला म्हणत होतो, तो दिव्यांच्या झोतात, मॅटवर, छपराखाली आला आणि घराघरांतल्या टीव्हीवर गेला. तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात, समारंभ होतात. ५ जुलै २०२५ ला, भर पावसाळ्यात, उद्धव आणि राज ठाकरे यांचा मराठीच्या प्रश्नावरचा एकत्र मेळावाही तिथेच झाला. पूर्वी असा मेळावा म्हटलं की शिवाजी पार्क डोळ्यांसमोर यायचं.

पण मला त्या घुमटाची आठवण ठेवावीशी वाटते ती २०२० सालासाठी. मार्चअखेर वरळी कोळीवाडा सील झाला होता. दाटीवाटीची घरं, एका खोलीत पाच-सहा माणसं, तिथे 'घरातच वेगळं राहा' हे सांगणं म्हणजे थट्टाच. एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेनं या डोममध्ये शेकडो खाटा टाकल्या. जिथे कबड्डीचा मॅट असायचा तिथे रुग्ण होते. खांब नसलेली, मोठी, हवेशीर करता येणारी जागा शहराच्या ऐन मधे तयार होती, म्हणून हे जमलं.

न्यू ऑर्लिन्सशी तुलना करा. दोन्हीकडे घुमट, दोन्हीकडे संकट, दोन्हीकडे गरीब माणसं आत. फरक काय? वरळीत आत येणाऱ्यासाठी खाट होती, डॉक्टर होते, जेवण होतं, नोंद होती. म्हणजे दार उघडलं आणि त्याच्या मागे तयारी होती. नुसतं दार उघडून भागत नाही. दार उघडून पुढची काळजी घेतली नाही तर आसऱ्याचा कोंडवाडा व्हायला वेळ लागत नाही.

आणि नागपूर

आपल्या नागपूरचा स्वभाव उघड्या मैदानाचा आहे. कस्तुरचंद पार्क घ्या. प्रजासत्ताक दिनाचं संचलन तिथे, राजकीय सभा तिथे, संध्याकाळी क्रिकेटही तिथेच. धंतोलीचं यशवंत स्टेडियम घ्या. खेळापेक्षा जास्त लोकांना ते माहीत आहे हिवाळी अधिवेशनातल्या मोर्चांसाठी. राज्यभरातले अंगणवाडीताई, शिक्षक, शेतमजूर तिथे गोळा होतात आणि विधानभवनाकडे निघतात. मानकापूरला विभागीय क्रीडा संकुलात छपराखालचं स्टेडियम आहे. आणि जामठ्याला, वर्धा रोडवर, २००८ सालचं भव्य क्रिकेट स्टेडियम आहे, जे सामना असला की गजबजतं.

आणि एक वेगळाच घुमट आपल्याकडे आहे. दीक्षाभूमीचा स्तूप. स्तूप साधारणपणे भरीव असतो. सांचीचा बघा, त्याला प्रदक्षिणा घालायची, आत जाता येत नाही. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. माणूस आत जातो, उभा राहतो, वर बघतो. २००१ साली त्याचं लोकार्पण झालं. पण त्याच्या आधी पंचेचाळीस वर्षं, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली ती उघड्या आभाळाखाली. तेव्हा तिथे घुमट नव्हता, मैदान होतं. ज्यांना शतकानुशतकं देवळाच्या दारातून परत पाठवलं, त्यांनी एक मैदान निवडलं. पुढे तिथे घुमट बांधला, तेव्हा तो आत जाता येईल असा बांधला. दाराबद्दल मघापासून बोलतोय, ते यासाठी.

फुटबॉलचं म्हणाल, तर नागपूरच्या फुटबॉलची जगाला माहीत असलेली गोष्ट छपराच्या अगदी उलट आहे. २००१ च्या सुमारास हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे पावसात आडोसा म्हणून झाडाखाली थांबले होते. समोर वस्तीतली पोरं भर पावसात एक फुटकी बादली लाथाडत होती. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं, पुढे 'स्लम सॉकर'. २०१६ साली या संस्थेला फिफाचा विविधतेचा पुरस्कार मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला, तो यावरच. त्या सिनेमात वस्ती आणि कॉलेजचं मैदान यांच्यामधे एक भिंत आहे, आठवतं? सगळी गोष्ट ती भिंत ओलांडण्याची आहे.

त्या पोरांकडे छप्पर नव्हतं, चेंडूसुद्धा नव्हता. तरी तिथे फुटबॉल होता. म्हणजे छप्पर ही खेळाची गरज नाही. ती बघणाऱ्याची गरज आहे, टीव्हीची आहे, आणि कधी कधी, पुरात किंवा साथीत, शहराची आहे.

मग विचारायचं काय?

उद्या कुणी म्हणालं की नागपुरात घुमटाखालचं स्टेडियम बांधू, तर मी लगेच विरोध करणार नाही. २०१३ च्या मे महिन्यात आपला पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला, पहाटे लोकांच्या घरात पाणी शिरलं. मोठं, मजबूत, सावलीचं छप्पर या शहराला कामाचं आहे. पण तीन गोष्टी विचारीन.

पहिली, पैसे कोण देणार आणि किती वर्षं? सिएटल शहरात किंगडोम नावाचं स्टेडियम १९७६ साली सुरू झालं आणि २००० साली सुरुंग लावून पाडलं गेलं. त्याचं कर्ज मात्र २०१५ पर्यंत फेडत होते. इमारत गेली, हप्ते राहिले. साप्पोरोचा घुमट बघा, मुख्य भाडेकरू असलेला बेसबॉल संघ २०२३ साली स्वतःच्या नव्या स्टेडियममध्ये गेला आणि घुमट तोट्यात आला. ॲस्ट्रोडोम तर आज बंद अवस्थेत उभा आहे. वापरायला परवडत नाही आणि पाडवतही नाही.

दुसरी, सामना नसेल तेव्हा किल्ली कुणाकडे? वर्षात मोठे सामने किती होतील? वीस? पंचवीस? उरलेले तीनशेचाळीस दिवस ती जागा कुणाची? तिथे शाळेची मुलं सकाळी धावू शकतील का?

तिसरी, संकटाच्या दिवशी काय? वीज गेली तर हवा खेळेल का, पाणी किती दिवस पुरेल, संडास किती, आणि आत येणाऱ्याला पाहुण्यासारखं वागवायचं की संशयितासारखं. हे आराखड्यातच लिहिलेलं पाहिजे, कारण संकटाच्या दिवशी लिहायला वेळ नसतो.

आणि हे प्रश्न फक्त कोट्यवधींच्या स्टेडियमला लागू नाहीत. आपलं हुडकेश्वर काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होतं, शेतं होती. आता ले-आउटवर ले-आउट पडले. प्रत्येक ले-आउटच्या नकाशात एक मोकळी जागा दाखवलेली असते. त्या जागेला आधी कुंपण येतं, मग फाटक, मग एखादा शेड, मग फलक, मग कुलूप. घुमटाचीच गोष्ट आहे ही, लहान आकारातली. आपल्या ले-आउटमधल्या मोकळ्या जागेची किल्ली कुणाकडे आहे, हे आज घरी जाताना विचारा. उत्तर मिळालं तर चांगलं. मिळालं नाही तर उद्या वॉर्डाच्या ऑफिसात जाऊन विचारा.



प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, कुलूप नाही लावलं तर रात्री तिथे दारू पिणारे बसतात. आमच्या इकडे तर काचाच काचा पडून राहतात सकाळी. मग काय करायचं?

उत्तर: तुमचं म्हणणं खरं आहे, आणि मी कुलपाच्या विरोधात नाही. मी किल्लीबद्दल विचारतोय. कुलूप लावायचं तर वेळ फलकावर लिहा: सकाळी पाच ते रात्री नऊ. किल्ली कुणाकडे आहे तेही लिहा, फोन नंबरासह. कुलूप आणि नियम असला तर जागा सर्वांची राहते. कुलूप असून नियम नसला तर ती एका माणसाची होते. आणि काचांचं म्हणाल तर जिथे मुलं रोज खेळतात तिथे काचा कमी पडतात. रिकामी जागा आपोआप बिघडते.

प्रश्न: तुम्ही म्हणालात की छप्पर घातल्यावर ती खोली होते. पण मग बंद स्टेडियममधला फुटबॉल हा खरा फुटबॉल नाही का?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. खेळाचे नियम तेच असतील तर खेळ तोच. पण नियमाबाहेरचंही काहीतरी खेळात असतं. पावसात चेंडू जड होतो, वाऱ्यानं वळतो, दुपारचं ऊन एका संघाच्या डोळ्यांवर येतं म्हणून तर मध्यंतरानंतर बाजू बदलतात. निसर्ग हा त्यातला तेविसावा खेळाडू. घुमटात तो बाहेर बसतो. खेळ खोटा होत नाही, जरा एकसुरी होतो, एवढं मी म्हणेन.

प्रश्न: सर, मी मुलींना फुटबॉल शिकवते. आम्हाला छप्पर, गवत काहीच नको. मैदान मिळालं तरी पुष्कळ. पण संध्याकाळी मोठी मुलं क्रिकेटसाठी जागा अडवतात. हा पण दाराचाच प्रश्न म्हणायचा का?

उत्तर: हो ताई, दाराचाच आहे. भिंत विटांचीच असते असं नाही. तुमच्या मुलींसाठी आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा एक तास राखून ठेवायला लावा, आणि ते लेखी घ्या. इथे बसलेल्यांपैकी दहा जणांनी त्या अर्जावर सह्या कराव्यात, ही माझी विनंती. कागद असेल तर मी पहिली सही आत्ताच करतो.